पाहू कुठी, भाऊ?

पाहायला कुणी शिकवावं लागत नाही. डोळे उघडले की माणूस पाहतो. पण त्याच माणसाला स्टुलावर बसवा, दोन्ही बाजूंनी छत्र्यांचा उजेड टाका आणि म्हणा, "हं, आता पाहा." झालं. साठ वर्षं बिनबोभाट चाललेलं पाहणं जागच्या जागी बंद पडतं.

हा चमत्कार फुकटात बघायचा असेल तर वर्ध्यात आर्वी नाक्याकडच्या एखाद्या फोटो स्टुडिओत जावं आणि अर्धा तास नुसतं बाकड्यावर बसून राहावं. सेलूकडचे एखादे काका निवृत्तीच्या कागदपत्रांसाठी फोटो काढायला आलेले असतात. पांढरा सदरा, केसांना तेल, खिशाला पेन. बाहेर बसलेले असतात तोवर त्यांचा चेहरा अगदी जिवंत असतो. शेजाऱ्याला ते सोयाबीनवरचा रोग समजावून सांगत असतात, भुवया वरखाली होत असतात. मग आतून हाक येते आणि पडदा बाजूला सारून आत जाताना काका आपला चेहरा जणू चपलांबरोबर बाहेरच ठेवून जातात.

"काका, मान उलसक खाली."

काका मान घालतात ती थेट बुटाच्या नाड्यांपर्यंत.

"इतकी नाई. उलसक म्हनलं."

काका वर येतात ते छताच्या पंख्यापर्यंत.

"हां, बरोबर. आता हनुवटी पुढं."

काका स्टुलासकट पुढं सरकतात.

"तुमी नाई काका, हनुवटी! खांदे सैल सोडा."

खांद्यांबरोबर पोटही सैल सुटतं. मग पोट आत, की खांदे पुन्हा वर. हात कुठं ठेवायचे हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून ते गुडघ्यांवर सावधान अवस्थेत पडलेले असतात. इतक्या कवायतीनंतर फोटोग्राफर म्हणतो, "आता इकडं पाहा." आणि काका तो प्रश्न विचारतात, ज्यावर या कलेचा सगळा डोलारा उभा आहे.

"पाहू कुठी, भाऊ? तुयाकडं का मशीनीकडं?"

प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. मशीनीकडं पाहावं तर त्या काळ्या काचेत आपल्याला ओळखणारं कुणी नसतं. फोटोग्राफरकडं पाहावं तर त्याचा एक डोळा मिटलेला, दुसरा मशीनीमागं दडलेला. जिथं कुणी उलट पाहत नाही तिथं पाहत राहायची सवय आपल्याला फक्त देवळात असते, म्हणून पुष्कळांच्या फोटोत हात जोडलेले नसले तरी नजर जोडलेली दिसते. फोटोग्राफर यावर आपलं ठेवणीतलं बोट वर करतो. "या बोटाकडं पाहा." काका बोटाकडं पाहतात, फोटो निघतो, आणि पुढं पेन्शनच्या कार्यालयात तो फोटो बघणाऱ्या प्रत्येकाला वाटत राहतं की या गृहस्थांना कुणीतरी बोट दाखवलेलं दिसतंय.

फोटोग्राफरची बाजूही ऐकून घ्यायला हवी. तो उगाच छळत नसतो. भिंग मोठं कोडगं असतं, जे जवळ असेल ते मोठं करून दाखवतं. हनुवटी किंचित पुढं आणि खाली घेतली की गळ्याखालची कातडी ताणली जाते आणि लग्नाच्या पंगतींनी दिलेली दुसरी हनुवटी गायब होते. नाक आणि नजर यांचीही सोयरीक सांभाळावी लागते. नाक खिडकीकडं आणि बुबुळं कॅमेऱ्याकडं अशी फारकत झाली की डोळ्यातलं पांढरं जास्त दिसू लागतं आणि सोसायटीचं कर्ज वेळेवर फेडणारा सरळमार्गी माणूससुद्धा फोटोत काहीतरी लपवून आलेला दिसतो. तिसरी गोष्ट उजेडाच्या ठिपक्याची. खिडकीचा किंवा छत्रीचा एक पांढरा ठिपका बुबुळात उमटला तर डोळा जिवंत वाटतो. तो नसेल तर बाकी चेहरा कितीही हसरा असो, डोळे विझलेले. 'उलसक वर, उलसक डावीकडं' अशी जी ढकलाढकल चालते ती बहुतेक वेळा या ठिपक्यापायी असते. चष्मेवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. त्यांच्या काचेत ठिपका मावत नाही, अख्खी छत्रीच उतरते. मग चष्म्याच्या दांड्या कानांवरून थोड्या उचला, मान वाकवा, अशी नाटकं. यावर उपाय म्हणून काच नसलेली फ्रेमच बाळगणारे फोटोग्राफरही असतात. ती घालून माणूस फोटोत विद्वान दिसतो, फक्त त्याला समोरचं काही दिसत नसतं.

हे सगळं त्यानं काकांना सांगितलं तर काका ऐकतीलही. पण पासपोर्ट साइजच्या आठ कॉप्यांच्या भावात इतकं व्याख्यान परवडत नाही.

नजरेचं हे लचांड फोटोइतकंच जुनं आहे. १८३९ साली युरोपात फोटोची विद्या जगजाहीर झाली तेव्हा एका फोटोसाठी माणसाला बराच वेळ दगडासारखं बसून राहावं लागे. मान हलली की चेहरा पुसला जाई. म्हणून स्टुडिओत पाठीमागं एक लोखंडी दांडा उभा करत आणि त्याच्या चिमट्यात डोकं मागून अडकवत. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तेव्हाचे नामांकित हौशी फोटोग्राफर. पेशानं डॉक्टर आणि छंदानं फोटोग्राफर, म्हणजे 'हलू नका' म्हणण्याचा अधिकार त्यांना दोन्हीकडून होता. त्या काळात हसू इतका वेळ टिकवणं कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. ओठ थरथरायला लागायचे. त्यापेक्षा गंभीर चेहरा सोपा, तो कितीही वेळ तसाच ठेवता येतो. आपल्याकडं जुन्या वाड्यांत भिंतीवरचा फोटो दाखवून सांगतात, "आमचे खापरपणजोबा भारी करारी होते." असतीलही. पण फोटोतला करारीपणा पुष्कळदा त्या दांड्याचा असतो.

पुढं काचा सुधारल्या, वेळ सेकंदाच्या आत आला, दांडे भंगारात गेले. नजरेवरचा पहारा मात्र उठला नाही, नुसता पहारेकरी बदलला. जुन्या लग्नाच्या फोटोत नवरा खुर्चीत, नवरी शेजारी उभी, तिचा एक हात खुर्चीच्या पाठीवर. मागं रंगवलेला राजवाडा, बाजूला फुलदाणी. नवरा समोर बघतोय. नवरी फुलदाणीकडं. परक्या पुरुषाच्या डोळ्याला डोळा कसा भिडवायचा, म्हणून तिनं ती सोय काढलेली. पंचवीस वर्षांनी पोराबाळांसह पुन्हा फोटो काढला जातो तेव्हा फुलदाणी तीच असते, राजवाड्याचा रंग थोडा उडालेला असतो, आणि बाई मात्र आता सरळ कॅमेऱ्यात बघत असते. अशा वेळी फुलदाणीकडं बघण्याची पाळी नवऱ्यावर आलेली असते.

मग आला स्थळासाठीचा फोटो. नजर दिग्दर्शित करण्याच्या कलेनं विदर्भात गाठलेलं हे शिखर. मुलगी उभी, पदर नीट, अर्धी वळलेली. फोटोग्राफरच्या मागं आई, आईच्या मागं आत्या, आत्याच्या मागं जिनं हे स्थळ सुचवलं ती शेजारीण. फोटोग्राफरला काही बोलायची सोयच नाही.

"हस ना वं बाई."

"जास्त नोको हसू, दात दिसून रायले."

"खाली पाय."

"एवढी खाली नोको, डोये मिटल्यावानी वाटते. मंग ते म्हनतीन, पोरीच्या डोयात दोष हाय."

खाली बघितलं तर लाजाळू, सरळ बघितलं तर तोंडाळ, वर बघितलं तर शहरात शिकलेली, बाजूला बघितलं तर मन दुसरीकडं. चार दिशांची चार चारित्र्यं ठरलेली. शेवटी एक तिरपा कोन निघाला, ना खाली ना वर. गेली कित्येक वर्षं आपल्याकडच्या मुली त्या कोनात एका अदृश्य कॅलेंडरकडं बघत आल्या. मुलाकडून काय यायचं? कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला फोटो. त्यात तो कुठं बघतोय याची चौकशी कुणी केली नाही. नोकरी कुठं आहे तेवढं विचारलं.

त्या मानानं सरकार सरळमार्गी. नजर समोर, डोळे उघडे, तोंड बंद, भाव शून्य. पासपोर्टचा हा नियम जगभर जवळपास सारखा आहे, कारण तो फोटो माणसांसाठी नसतोच, यंत्रांसाठी असतो. हसलं की गाल वर जातात, डोळे बारीक होतात, चेहऱ्याची मापं बदलतात आणि यंत्राचा गोंधळ उडतो. आधार केंद्रावर तर बुबुळंच मोजतात. "डोये मोठे करा, आजी. आणखी मोठे. मिटू नोका." आजी जिवाच्या आकांतानं डोळे फाडतात आणि तोच आकांत चेहऱ्यावर तसाच राहून लगेच फोटोही निघतो. त्यानंतर उभ्या आयुष्यात ते कार्ड बघून कुणी आजींना ओळखत नाही. यंत्र मात्र ओळखतं.

एका माणसाच्या नजरेचे हे हाल, तर पन्नास जणांचे काय सांगावेत! ग्रुप फोटोत निदान एकाचे तरी डोळे मिटलेले असतातच, हे आपल्याला अनुभवानं माहीत. ऑस्ट्रेलियात निक स्वेनसन आणि पियर्स बार्न्स या दोघांनी याचं गणित मांडलं. माणूस मिनिटाला साधारण किती वेळा डोळे मिटतो, मिटलेले किती वेळ राहतात, सगळं धरून त्यांनी सोपा ठोकताळा काढला. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तीननं भागा, उजेड कमी असेल तर दोननं. तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची जवळजवळ खात्री. बारा जण असतील तर उन्हात चार फोटो, अंधारात सहा. या कामाला २००६ साली गणिताचं इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी हे पारितोषिक असतं.

पण हे गणित हिंगणघाटच्या मंगल कार्यालयात चालत नाही. पहिलं कारण, वीसपेक्षा कमी माणसं स्टेजवर कधी नसतातच. दुसरं, सगळे एकाच दिशेला बघतायत हे त्यांनी धरून चाललेलं आहे. आपल्याकडं ठरवून आणलेला फोटोग्राफर एक आणि मोबाइल उगारलेले भाचे पंधरा. "मामा, इकडं!" "आत्या, इकडं पाय ना!" "जावाईबापू, वर पाहा, ड्रोन आला!" एका क्षणी स्टेजवरची चाळीस माणसं पंधरा दिशांना बघत असतात. अल्बम हातात आला की वाटतं, मांडवात साप निघाला होता काय? तिसरं कारण ऊन. सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी असावा हा जुना धडा अजून पाठ आहे. म्हणजे वैशाखातल्या लग्नात, वर्ध्याचा पारा पंचेचाळीसकडं निघालेला असताना, भर दुपारी सूर्य वऱ्हाडाच्या तोंडासमोर. त्या फोटोत डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे भिंगानं बघितलं तरी कळत नाही. इग नोबेलवाल्यांनी एकदा इकडंही चक्कर मारावी.

नजरेचा याहून मोठा सार्वजनिक कार्यक्रम बघायचा असेल तर बजाज चौकात मान वर करावी. फ्लेक्स! वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नजरेची उतरंड पक्की असते. सर्वात वरचे नेते कुणाकडंच बघत नाहीत. ते वर, तिरपं, लांब क्षितिजाकडं बघतात. विकास तिकडून यायचा असतो. त्यांच्या खालचे नेते जनतेकडं बघून हात जोडतात. ज्याचा वाढदिवस असतो तो भाऊ मधोमध, काळा चष्मा लावून, म्हणजे तो कुठं बघतोय हे गुपितच. एक हमखास मोबाइलवर बोलत चाललेला असतो, कारण कामाचा माणूस कॅमेऱ्याकडं बघत बसत नाही अशी त्याची समजूत असते. आणि सर्वात खाली शुभेच्छुकांची रांग, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या फोटोत. प्रत्येकाचा फोटो वेगवेगळ्या लग्नातून कापून आणलेला असल्यानं एकाच फ्लेक्सवर वीस जण वीस दिशांना बघतात. पक्षातली खरी परिस्थिती याहून प्रामाणिकपणे दुसरीकडं कुठं छापून येत नाही.

आणि गंमत अशी, की हे सगळं चालतं त्या चौकापासून आठेक किलोमीटरवर ते ठिकाण आहे, जिथं फोटोसाठी बघण्यालाच बंदी होती.

गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे आताच्या सेवाग्रामला, राहायला आले. त्या वेळी त्यांच्याइतका फोटोत अडकलेला माणूस हिंदुस्थानात दुसरा नसेल. आश्रमात त्यांच्या पुतण्याचा मुलगा कनू गांधी कामाला होता. विशीतला पोरगा. त्याला बापूंचे फोटो काढायची हौस. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि रोल आले. बापूंनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. मी पोझ देणार नाही. आणि आश्रम या कामाला पैसे देणार नाही. आजचा कुणी फोटोग्राफर या अटी ऐकून घेतलेली सुपारी नमस्कार करून परत देईल.

कनूनं मात्र त्या अटींतच दहा वर्षं काढली. त्याच्या फोटोतले बापू बघा. टेलिफोनवर बोलतायत. लिहितायत. चालतायत, तेही पुष्कळदा पाठमोरे. १९४० च्या सुमारास सेवाग्रामातच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कुष्ठरोगाचे जंतू बघतानाचा त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. परचुरे शास्त्रींची, म्हणजे आश्रमात आश्रय घेतलेल्या त्या कुष्ठरोगी विद्वानांची, शुश्रूषा करतानाचे बापूही फोटोत आहेत. नजर दर वेळी कुठं? कामावर. सूक्ष्मदर्शकात, कागदात, रुग्णाच्या अंगावर. कनूकडं बघायला त्यांना फुरसत नाही. 'पाहू कुठी' हा प्रश्न या माणसाला आयुष्यात पडला नसणार.

रोलीफ्लेक्सनं इथं मोठी मदत केली असणार. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. म्हणजे फोटो काढणारा समोरच्यावर रोखून बघतच नाही, तो आपल्या पोटाकडं बघत असतो. बापू मान खाली घालून सूत कातणार, नातू मान खाली घालून फोटो काढणार. दोघंही आपापल्या कामात, कुणी कुणाला 'इकडं बघ' म्हणायला नको. त्यात कॅमेरा पोटाशी असल्यानं जमिनीवर बसलेल्या माणसाच्या उंचीला तो अधिक जवळ. मोठ्या माणसाचा फोटो काढायला आपण मान खाली घालावी, ही शिस्त त्या यंत्रातच होती.

बाहेरच्या पाहुण्यांची मात्र ओढाताण व्हायची. १९४६ साली 'लाइफ' साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात गांधीजींचा फोटो काढायला आल्या. सचिवांनी सांगितलं, आधी चरखा शिका, मग फोटो काढा. त्या बाई जगभर फिरलेल्या, युद्धभूमीवर गेलेल्या, पण सूत त्यांच्यापुढं तुटतच राहिलं. जमलं तेवढं शिकून आत गेल्या तर अटी होत्याच. मौनाचा दिवस, बोलायचं नाही, आणि फ्लॅशचे बल्ब फक्त तीन. पहिले दोन फुकट गेले, तिसऱ्यानं लाज राखली. जगात गाजलेला तो चरख्यामागचा फोटो हाच. आता तो नीट बघा. चरखा पुढं आहे, बापू मागं बसलेत आणि कातत नाहीयेत. ते वर्तमानपत्रांची कात्रणं वाचतायत! बाईंनी चरख्याची परीक्षा दिली आणि बापूंनी त्या दिवशी वाचन केलं. 'बापू, जरा चरख्याकडं पाहा' म्हणायची सोय नव्हती. तसं कुणी म्हणू शकलं असतं तर तो फोटो आज कुठल्यातरी खादी भांडाराच्या कॅलेंडरवर असता, जगभर गेला नसता.

नोटांचंही असंच. १९६९ साली जन्मशताब्दीला गांधीजी पहिल्यांदा नोटेवर आले तेव्हा बसलेले होते आणि मागं आपला सेवाग्राम आश्रम होता. म्हणजे वर्धा जिल्हा देशाच्या खिशात तेव्हाच पोचला. १९९६ पासून जो हसरा चेहरा आला तो १९४६ सालच्या एका फोटोतून घेतलेला. मूळ फोटोत शेजारी ब्रिटिश मंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स उभे आहेत. साहेबाला कापून टाकलं, हसू ठेवलं. देशातल्या सर्वात जास्त छापल्या गेलेल्या त्या फोटोसाठीही बापू स्टुलावर बसले नव्हते.

एवढं सगळं डोळ्यासमोर असताना वर्धेकरांनी काय धडा घेतला? आता त्याच बापूकुटीसमोर, त्याच शेणानं सारवलेल्या अंगणात, सहलीला आलेली पोरं एकमेकांना सांगत असतात, "तू असं कर, तिकडं पाहून गंभीर हो. विचार करून रायला असं वाटलं पायजे." पाठीमागं पाटीवर आश्रमाची व्रतं लिहिलेली असतात. तीही फोटोत घेतात, वाचायची राहतात.

आणि लग्नाआधीचे फोटो! बोर धरणाच्या काठावर हिवाळ्यात सकाळी सकाळी गाड्या लागलेल्या असतात. नवरदेव सूटमध्ये, नवरी पाच हातांचा झगा सांभाळत. फोटोग्राफर झाडावर. आता 'इकडं पाहा' असं कुणी म्हणत नाही, ते जुन्या पिढीचं झालं. आता हुकूम उलटा आहे.

"भाऊ, माह्याकडं नोका पाहू. मी इथं नाईच असं समजा."

"बरं. मंग पाहू कुठी?"

"वहिनीकडं पाहा ना! हसा. वहिनीनं जोक मारला असं समजा."

नवरदेव गंभीर होतो. "कोणता जोक?"

"कोणताई."

"पन कोणता? समजल्याशिवाय हसू कसा?"

पोरगा नागपूरला लेखापरीक्षक असतो, त्याला पुराव्याशिवाय काही मंजूर नसतं. शेवटी नवरीलाच त्याचा तो प्रश्न ऐकून खरोखर हसू फुटतं, ती तोंडावर हात धरते, आणि झाडावरचा माणूस धडाधड तीस फोटो काढतो. अल्बमचं मुखपृष्ठ तेच होतं. जे कनू गांधींना सक्तीनं करावं लागलं, म्हणजे माणसाला त्याच्या उद्योगात राहू द्यायचं आणि आपण मध्ये लुडबुडायचं नाही, त्याचं आता ड्रोनसकट पॅकेज मिळतं. फरक इतकाच, की तिथं बापूंना काम होतं. इथं काम नसतं, ते असल्याचा अभिनय असतो. म्हणून तीसपैकी एकोणतीस फोटो फसतात आणि जो साधतो तो चुकून.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. नजर सांगून वळत नाही. माणसाला काम दिलं, किंवा त्याच्या जिव्हाळ्याचं काही विचारलं, की डोळे आपोआप जागेवर येतात, हनुवटीही येते आणि हातांनाही ठिकाण सापडतं. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ सालीच म्हटलं होतं, की ओठ हुकमानं हसतात, पण डोळ्यांभोवतीचे स्नायू हुकूम मानत नाहीत. ते खरं हसू आल्याशिवाय सहसा हलत नाहीत. आपल्या फोटोग्राफरचं 'डोयानं हसा' हे त्या अर्थानं ड्यूशेनच्या विरुद्ध आहे.

हिंगणघाटच्या बाजूचा एक मुरलेला फोटोग्राफर हे न शिकताच जाणतो. म्हातारा माणूस समोर बसला की तो मान खाली, मान वर काहीच म्हणत नाही. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून बाजूला उभा राहतो आणि विचारतो, "आबाजी, औंदा कापूस काय भावानं गेला?" संपलं. आबाजींचे डोळे बारीक होतात, त्यात ठिपका चमकतो, हनुवटी रागानं आपसूक पुढं येते, उजवा हात गुडघ्यावरून उठून व्यापाऱ्याच्या दिशेनं निघतो. "भाव? कायचा भाव रे बावा!" तेवढ्यात बटण दाबलेलं असतं. बायाबापड्यांना तो रोडगे किती वेळ भाजायचे ते विचारतो. मास्तरांना निवडणुकीच्या ड्यूटीबद्दल विचारून बघितलं होतं, पण फोटो इतका दुःखी आला की घरच्यांनी घेतला नाही.

आता तुमच्यासाठी एक विनंती. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा धड एक फोटो नसतो. ते गेल्यावर धावपळ होते, आणि मग कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून चेहरा कापून, मोठा करून, हार घालून भिंतीवर लावतात. ते बिचारे कायमचे डावीकडं बघत राहतात, कारण मूळ फोटोत डावीकडं जिलबीचं ताट चाललेलं होतं. हे टाळता येतं. फोन खिशातच आहे. आबाजी वखर दुरुस्त करत असतील, आजी तांदूळ निवडत असतील, तेव्हाच काढा. आणि मुद्दाम बसवायचंच असेल तर 'इकडं पाहा' म्हणू नका, कापसाचा भाव विचारा. फक्त उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्या. फोटो पहिल्या वाक्यालाच मिळतो, पण उत्तर अर्ध्यावर सोडून उठलात तर आबाजी पुन्हा कधी बसत नाहीत.